धातूची कंपोझिट आणि बदलतं इंजिनिअरिंग शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवते आणि ॲल्युमिनियमच्या कंपोझिटवर संशोधन करते. प्रवेशाच्या दिवसांत पालक, प्रोजेक्टच्या दिवसांत विद्यार्थी आणि वर्षभर वेर्णा-कुंडईचे कारखानदार फिरून फिरून तेच प्रश्न घेऊन येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रम फारसा लावलेला नाही, लागेल तो प्रश्न उघडा.

धातूचं कंपोझिट म्हणजे नेमकं काय? मिश्रधातूच ना?

नाही. एका धातूत दुसरा, त्यात न विरघळणारा कठीण पदार्थ कणांच्या किंवा तंतूंच्या रूपात बसवला की कंपोझिट होतं. काजूची चिक्की आठवा: गूळ सगळं धरून ठेवतो आणि काजू काजूच राहतो. मिश्रधातूत असं वेगळेपण उरत नाही. पितळेत तांबं आणि जस्त अणूंच्या पातळीवर एकजीव झालेलं असतं, सूक्ष्मदर्शकाखाली जस्ताचा तुकडा वेगळा दाखवता येत नाही. आमच्या नमुन्यात मात्र सिलिकॉन कार्बाइडचा प्रत्येक कण त्याच्या टोकदार कडांसकट वेगळा दिसतो. धरून ठेवणाऱ्या धातूला मॅट्रिक्स म्हणतात, आत बसवलेल्याला रीइन्फोर्समेंट. आमच्याकडे मॅट्रिक्स बहुतेक वेळा ६०६१ किंवा ए३५६ जातीचं ॲल्युमिनियम असतं आणि कण सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना किंवा बोरॉन कार्बाइडचे.

पोलाद असताना ही खटपट कशाला?

वजनासाठी. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, ॲल्युमिनियमची २.७. पण ॲल्युमिनियम लवकर वाकतं. त्याचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, ७० गिगापास्कलच्या आसपास आहे, पोलादाचा २०० च्या. सिलिकॉन कार्बाइडचा ४०० च्या वर, आणि घनता फक्त ३.२. आकारमानाच्या २० टक्के सिलिकॉन कार्बाइड घातलं तर मॉड्युलस १०० च्या जवळ जातो आणि घनता जेमतेम २.८ होते. शिवाय झीज कमी होते आणि तापल्यावर होणारं प्रसरण आटोक्यात येतं.

किंमत मोजावी लागतेच. कण वाढवाल तसा धातू ताणल्यावर लांबायचा कमी होतो. साधं ६०६१ तुटण्याआधी चांगलं लांबतं. त्यातच २० टक्के कण असतील तर फारशी पूर्वसूचना न देता तुटतं. धक्के खाणाऱ्या भागाला हे साहित्य सुचवणाऱ्याने आधी तुटलेला नमुना हातात घेऊन बघावा.

हे प्रत्यक्ष कुठे वापरलं गेलंय, की नुसते शोधनिबंधच?

वापरलं गेलंय, पण निबंधांची संख्या पाहून वाटतं तेवढं नाही. टोयोटाने १९८३ साली डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये, जिथे झीज सर्वांत जास्त होते तेवढ्याच भागात, सिरॅमिक तंतू घातले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला होंडाने प्रेल्यूड गाडीच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतींत ॲल्युमिना आणि कार्बनचे तंतू वापरले. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या अँटेनाचे साडेतीन मीटरहून लांब दांडे ग्रॅफाइटचे तंतू घातलेल्या ६०६१ ॲल्युमिनियमचे आहेत. उन्हात आणि सावलीत तापमान कितीही बदललं तरी त्यांची लांबी जवळपास तेवढीच राहते. लोटस इलाइजच्या १९९६ मधल्या पहिल्या गाड्यांना ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडच्या ब्रेक डिस्क होत्या. पुढे कंपनी ओतीव लोखंडाकडे परतली.

सर्वांत गाजावाजा न होता चाललेला उपयोग विजेच्या उपकरणांत आहे. रेल्वे इंजिनातल्या उच्चदाब ट्रान्झिस्टर मॉड्यूलची बैठकीची पट्टी अनेकदा ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडची असते, कारण ती उष्णता वाहून नेते आणि वरच्या सिरॅमिकच्या थराच्या जवळपास तेवढीच प्रसरण पावते. मला विचाराल तर या साहित्याचा खरा बाजार तिथे आहे, पिस्टनमध्ये नाही.

भारतात या कामाची सुरुवात कुणी केली?

यात प्रदीप रोहतगी यांचं नाव आधी घ्यावं लागतं. साठच्या दशकात अमेरिकेत असताना त्यांनी निकेलचा मुलामा दिलेला ग्रॅफाइट वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मिसळून दाखवला. नुसता ग्रॅफाइट वर तरंगतो, धातू त्याला भिजवत नाही. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले आणि तिरुवनंतपुरम व भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा त्यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिल्या. भट्टी, ढवळणी आणि साचा एवढ्यावर हे काम करता येतं हे त्या प्रयोगशाळांनी दाखवलं. आज देशभरच्या साध्या कॉलेजांतही कंपोझिटवर प्रोजेक्ट होतात, त्याचं मूळ तिथे आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत एक नमुना कसा तयार होतो?

स्टर कास्टिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूत कण ढवळून मग ओतून. ऐकायला सोपं, करायला अवघड.

ग्रॅफाइटच्या मुशीत ॲल्युमिनियमचे तुकडे टाकतो. ते ६६० अंशांच्या आसपास वितळतं, पण आम्ही ७२० ते ७५० पर्यंत नेतो. वर आलेली मळी काढायची. विरघळलेला वायू काढायला डीगॅसिंगची गोळी घंटीच्या आकाराच्या दांड्याने तळाशी दाबून धरायची. तेव्हा निघणारा धूर नाकात गेला तर दिवसभर घसा धरतो, म्हणून एक्झॉस्ट बंद असेल तर भट्टी लावायची नाही असा नियम आहे. दुसऱ्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइडची पूड काहीशे अंशांवर तापत असते. तिच्यातला ओलावा जायला हवा आणि कणांवर ऑक्साइडचा पातळ थर बसायला हवा. मग शेकडा एक भागाच्या आसपास मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, वितळलेल्या धातूत बुडवायचं. त्याने धातू कणांना भिजवायला लागतो.

आता ढवळणी उतरवायची. ती पोलादाची असेल तर पात्यांवर झिर्कोनियाचा लेप हवा, नाहीतर पोलादातलं लोखंड हळूहळू वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये उतरतं. मिनिटाला काहीशे फेऱ्यांवर मधोमध भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्याच्या कडेला पूड बारीक धारेने सोडायची. एकदम ओतली की गोळे होतात आणि ते गोळे कितीही ढवळा, फुटत नाहीत. भोवरा फार खोल झाला तर तो हवाही आत ओढतो. कणांची घनता ३.२ आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमची २.४ च्या जवळपास, म्हणून ढवळणं थांबलं की कण तळाला जायला लागतात. साचा तापवून तयारच ठेवावा लागतो.

थंड झालेली कांडी मुलं लगेच मोजमापाला घेतात. मी आधी ती उभी कापायला लावते. वरचा, मधला आणि खालचा तुकडा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. तिन्हीत कणांची संख्या सारखी नसेल तर त्या कांडीवरच्या कुठल्याही चाचणीचा आकडा लिहून घ्यायचा नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काळा ठिपका दिसला. कण आहे की पोकळी, ओळखायचं कसं?

हा प्रश्न प्रोजेक्टवाले दरवर्षी विचारतात आणि मला तो आवडतो. फोकसचं चाक हळू वरखाली फिरवा. पोकळी असेल तर तिची कड आणि तळ वेगवेगळ्या जागी स्पष्ट होतात. सिलिकॉन कार्बाइड कठीण असल्यामुळे पॉलिशनंतर किंचित उंच उभं राहतं आणि करड्या रंगाचं, कोन असलेलं दिसतं. वायूमुळे झालेली पोकळी गोल असते, धातू आकसल्यामुळे झालेली वेडीवाकडी. तिसरी शक्यता अशी की कण तिथे होता आणि पॉलिश करताना उपटून गेला. तेव्हा खड्ड्याचा आकार कणासारखाच टोकदार असतो आणि अनेकदा त्याच्यापुढे एक ओरखडा सापडतो. हे तीन प्रकार वेगळे न करता संगणकाच्या प्रोग्रॅमला फोटो दिला की तो सगळ्या काळ्या ठिपक्यांना एकाच नावाने मोजतो.

पावसाळ्यात ओतकाम कमी का करता?

दमटपणामुळे. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या वाफेशी भिडलं की ऑक्सिजन ओढून घेतं आणि उरलेला हायड्रोजन धातूत विरघळतो. वितळलेल्या अवस्थेत जेवढा हायड्रोजन मावतो, गोठल्यावर त्याचा सुमारे विसावा भागच मावतो. उरलेला बुडबुड्यांच्या रूपात अडकतो आणि कांडी आतून सच्छिद्र होते. कंपोझिटमध्ये हा त्रास जास्त, कारण पुडीच्या प्रत्येक कणाला आपापला ओलावा चिकटलेला असतो. जुलैत फोंड्याच्या बाजूला उघडी ठेवलेली पूड सकाळपर्यंत डबा हलवून सुटत नाही.

आर्गॉन वायूचं आवरण, जास्त वेळ तापवलेली पूड, कोरडा साचा असे उपाय आहेत आणि अडलं तर ते करून ओततोही. पण ओतकामाचा मोठा भाग दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत उरकतो आणि पावसात पॉलिशिंग, सूक्ष्मदर्शक आणि लिखाण काढतो.

सच्छिद्रता मोजायला महागडं यंत्र लागत नाही. तुकडा हवेत तोला, मग पाण्यात बुडवून तोला आणि आर्किमिडीजच्या नियमाने घनता काढा. घटकांच्या प्रमाणावरून यायला हवी होती त्या घनतेशी ताडून पाहा. जी तूट येते ती मुख्यतः पोकळ्यांची. चांगला तराजू असलेल्या कुठल्याही हायर सेकंडरी शाळेत हा प्रयोग होऊ शकतो.

करवंटीची राख, भाताच्या तुसाची राख, खाणीच्या डंपातली माती घालून कंपोझिट करता येईल का? प्रोजेक्टला स्वस्त पडतं.

गोव्यात हा प्रश्न येणारच. नारळ घरोघरी, भातशेती आहे, आणि डिचोली-सांग्याकडे डंपांचे डोंगर उभे आहेत. 'टाकाऊपासून टिकाऊ' असं शीर्षक दिलं की मार्कही बरे मिळतात. तरी सावकाश.

तुसाची राख बहुतांशी सिलिका असते. वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिकाला तसंच राहू देत नाही. तिच्यातला ऑक्सिजन काढून घेऊन स्वतः ॲल्युमिना होतं आणि सुटलेलं सिलिकॉन मॅट्रिक्समध्ये जातं. मग कडकपणा वाढला म्हणून तुम्ही राखेला श्रेय देता, पण प्रत्यक्षात मिश्रधातूच बदललेला असतो. हे वेगळं करायचं असेल तर तेवढंच सिलिकॉन घातलेला, राख नसलेला नमुनाही ओतायला हवा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये तो नसतो.

डंपातल्या मातीचं प्रकरण याहून गंभीर आहे. तिच्यात लोखंडाचं ऑक्साइड असतं. लोखंडाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांच्यातली अभिक्रिया म्हणजे थर्माइट, तीच जिने रेल्वेचे रूळ जागेवर जोडतात. मुशीत किती जोराने होईल हे कणांच्या आकारावर, प्रमाणावर आणि तापमानावर अवलंबून आहे, आणि विद्यार्थ्याने ते नशिबावर सोडावं अशी ही गोष्ट नाही. अभिक्रिया शांतपणे झाली तरी सुटलेलं लोखंड ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूत सुईसारखे ठिसूळ स्फटिक तयार करतं आणि ताकद घटते. ही माती घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांना मी विटांकडे वळवते.

करवंटीची राख तुलनेने निरुपद्रवी आहे, पण तिचं रासायनिक पृथक्करण केल्याशिवाय सुरुवात करू नका. दोन ठिकाणच्या करवंट्या आणि दोन प्रकारचं जाळणं, राख एकसारखी येत नाही.

हे घरी किंवा गॅरेजमध्ये करून बघता येईल का?

नको. वितळलेल्या ॲल्युमिनियमखाली पाण्याचा थेंब अडकला तर त्याची वाफ स्फोटासारखी फुटते आणि धातू अंगावर उडतो. ओला साचा, गंजलेला चमचा, घामाने भिजलेला नायलॉनचा शर्ट, यातलं काहीही पुरतं. सिमेंटच्या जमिनीवर सांडला तरी तेच. खाली कोरडी वाळू हवी.

आमच्या ट्रॉलरसाठी किंवा बोटीसाठी हे कंपोझिट चालेल का?

बेतूल-कुटबणकडचे बोटवाले हे आवर्जून विचारतात. बोटीच्या सांगाड्याला आणि पत्र्याला नको. त्यासाठी समुद्रात वर्षानुवर्षं पारखलेलं ५०८३ जातीचं साधं ॲल्युमिनियम आहे, ते वाकवता येतं आणि वेल्डही होतं.

खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमचा रक्षक थर जागोजागी फुटून बारीक खड्डे पडतात. कण आणि धातू यांची सीमा ही त्यासाठी आयती जागा असते. ग्रॅफाइट असेल तर बॅटरीच होते: ग्रॅफाइट सुरक्षित राहतो आणि भोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सिलिकॉन कार्बाइडच्या नमुन्यात आणखी एक छुपा शत्रू असतो. ओतताना तापमान फार वाढलं किंवा वेळ लांबला तर कण आणि धातू मिळून ॲल्युमिनियम कार्बाइड तयार करतात. ते ओलाव्याने फुटून मिथेन सोडतं आणि मागे पांढरी भुकटी ठेवतं. समुद्राचं पाणी लागतंच असं नाही, आपली कपाटातली हवा पुरते. सिलिकॉन भरपूर असलेल्या मिश्रधातूत ही अभिक्रिया दबते, म्हणून आम्ही ए३५६ पसंत करतो, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं. पाण्यापासून दूर असलेल्या बुशिंग, पुली अशा झिजणाऱ्या भागांसाठी मात्र बोलता येईल.

आमच्या सीएनसीवर कंपोझिटचा जॉब लावला, टूल तासाभरात गेलं. काय चुकलं?

बहुधा काही नाही. सिलिकॉन कार्बाइड हेच मुळात घासण्याचं साहित्य, पॉलिश पेपरवर तेच असतं. साधं टंगस्टन कार्बाइडचं टूल त्याच्यापुढे टिकत नाही. पीसीडी, म्हणजे बहुस्फटिकी हिऱ्याचं टूल घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कांडी अंतिम मापाच्या जितकी जवळ ओतता येईल तितकी ओता. कापायचं कमी ठेवणं हाच स्वस्त मार्ग.

नॅनो कण घातले तर जास्त चांगलं ना?

तत्त्वतः थोड्याशा नॅनो कणांनी ताकद वाढते आणि लांबण्याची क्षमता तितकीशी जात नाही. अडचण अशी की ते कण एकमेकांना चिकटतात आणि साध्या ढवळण्याने सुटत नाहीत. अल्ट्रासोनिक प्रोब, म्हणजे वितळलेल्या धातूत ध्वनिलहरी सोडून गोळे फोडणारा दांडा, असेल तर विचार करा.

पीएचडीसाठी तुमच्याकडे यायचंय. किती पेपर काढावे लागतील?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे हा प्रश्न पहिला नको.

पहिला प्रश्न असा हवा की आधीच्या माहितीत तुम्ही काय भर घालणार. ॲल्युमिनियममध्ये अमुक टक्के अमुक पूड, तागुची पद्धतीचा (मोजक्या प्रयोगांत अनेक घटक तपासण्याची पद्धत) नऊ प्रयोगांचा तक्ता, पिन-ऑन-डिस्कवर, म्हणजे फिरत्या चकतीवर नमुना घासून, झीज, शेवटी 'भार सर्वांत प्रभावी घटक ठरला' असा निष्कर्ष, या साच्यातले निबंध ढिगाने आहेत. भार वाढला की झीज वाढते हे शोधायला भट्टी पेटवायची गरज नाही. झिजलेल्या पृष्ठभागाखालचा छेद घ्या, तिथे कण तुटले की दाबले गेले की उपटले, समोरच्या चकतीचं लोखंड कुठे जमा झालं, हे दाखवा. त्यात तीन वर्षं सहज जातात.

शिक्षणाचं आधुनिकीकरण म्हणजे तुम्ही नेमकं काय केलं? स्मार्ट बोर्ड बसवले?

बोर्ड बसले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगा पूर्वी खडूने लिहिलेलं उतरवून घ्यायचा आणि आता पडद्यावरचं मोबाइलने टिपतो, एवढ्याने शिकणं बदलत नाही. आम्ही प्रात्यक्षिकाच्या तासापासून सुरुवात केली, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे चालते.

जुनी पद्धत सगळ्यांनाच माहीत आहे. ताण-चाचणीच्या यंत्राभोवती अख्खी बॅच उभी. एक जण हँडल धरतो, एक जण आकडे ओरडतो, मागचे चतुर्थीला घरी कधी जायचं ते ठरवतात. मग जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलं जातं. सगळ्यांचा मॉड्युलस नेमका २०५ गिगापास्कल. पुस्तकातला आकडा आला म्हणजे प्रयोग बरोबर, आणि सबमिशनच्या दिवशी सह्या.

आता नमुने आम्ही नाव न सांगता देतो. एका गटाला मऊ पोलाद, दुसऱ्याला ओतीव लोखंड, तिसऱ्याला आमचीच ओतलेली कंपोझिटची कांडी. कशाचा आहे ते तुटण्यावरून आणि आलेखावरून ओळखायचं. मऊ पोलाद तुटताना मध्ये कंबर बारीक होते आणि एका तुकड्यावर वाटी, दुसऱ्यावर शंकू राहतो. ओतीव लोखंड सपाट, दाणेदार तुटतं, कंबर होतच नाही. आकडा सगळ्यांचा वेगळा येतो आणि तो तसाच लिहायचा, सोबत मोजमापातली अनिश्चितता लिहायची. व्हर्नियरचा लघुतम अंक किती, व्यास कितीदा मोजला, ग्रिप घसरली का. पहिल्या वर्षी मुलं घाबरतात. 'मॅडम, आन्सर मॅच जात ना,' असं कोंकणीत येऊन सांगतात. न जुळण्याचं कारण शोधणं हेच त्या दिवसाचं काम असतं.

दुसरा बदल वर्कशॉपचा. फायलिंगचा चौकोनी जॉब घासून घेणं मी बंद केलेलं नाही, हाताला सपाटी कळायलाच हवी. पण त्याच्या जोडीला मुलं स्वतः पॅटर्न करतात, ओततात आणि ओतलेलं कापतात. आपल्याच हाताने केलेल्या कांडीच्या पोटात पोकळी दिसली की गेटिंग (साच्यात धातू जाण्याच्या वाटा) आणि रायझरचा (आकसताना लागणाऱ्या जादा धातूच्या साठ्याचा) धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

सीओ, पीओ, ओबीई... हा कागदांचा ढीग कशासाठी?

ओबीई म्हणजे आउटकम बेस्ड एज्युकेशन: शिक्षकाने काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं हे मोजायचं. सीओ म्हणजे एका विषयातून काय साधायचं ते, पीओ म्हणजे पूर्ण अभ्यासक्रमातून. कल्पना चांगली आहे. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांचं इंजिनिअरिंग शिक्षण मानण्याच्या देशोदेशींच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि एनबीएने (राष्ट्रीय मान्यता मंडळाने) मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांना इतर सदस्य देशांत समकक्ष मानण्याची वाट खुली झाली. पालकांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा: हा लाभ स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या 'टियर वन' मान्यतेलाच आहे, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांच्या 'टियर टू'ला नाही. परदेशी जायचा विचार असेल तर प्रवेशाआधीच विचारा.

कागदांबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. प्रत्येक प्रश्नाला ब्लूमची पातळी (आठवणं, समजणं, वापरणं अशी पायरी) चिकटवायची, एक्सेलमध्ये तीनपैकी २.१ असं 'अटेनमेंट' काढायचं, आणि मूळ प्रश्न मात्र 'व्याख्या लिहा' हाच. ज्या दिवशी प्रश्नपत्रिकेत तुटलेल्या नमुन्याचा फोटो देऊन 'हा का तुटला?' असं विचारलं जाईल, त्या दिवशी तक्ता आपोआप भरेल.

ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट मिळतात का?

मिळतात. स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्सेसना नियमांत ४० टक्क्यांपर्यंत जागा आहे. तुमचं विद्यापीठ किती घेतं ते विचारा. एनपीटीईएल या आयआयटी आणि आयआयएससीच्या २००३ पासून चाललेल्या ऑनलाइन उपक्रमाची धातुशास्त्राची व्याख्यानं उत्तम आहेत आणि मी स्वतः वर्गात त्यांचा आधार घेते. व्हर्च्युअल लॅब तयारीसाठी ठीक. पडद्यावरची भट्टी कधी धूर सोडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

रिपोर्ट एआयकडून लिहून घेतला तर चालेल?

भाषा सुधारून घ्या, माझी हरकत नाही. आमचा निम्मा वर्ग मराठी किंवा कोंकणीत विचार करतो आणि इंग्रजीत अडखळतो, त्यांना आधार मिळतो. पण तोंडी परीक्षा मी आता सूक्ष्मदर्शकापाशी घेते. नमुना समोर, फोकस तुमच्या हातात, 'हा ठिपका काय आहे?' तिथे रिपोर्टची भाषा उपयोगी पडत नाही. स्वतः पॉलिश केलेलं असेल तर मूल अर्ध्या मिनिटात सांगतं.

मराठीतून इंजिनिअरिंग शिकता येईल का?

एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून बी.टेक.ला परवानगी दिली आणि पहिल्या वर्षाची पुस्तकंही भाषांतरित झाली. माझ्या वर्गात फळ्यावर इंग्रजी असतं आणि समजावणं मराठी-कोंकणीत. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना 'भिजणं' म्हटलं की कण आणि धातूचं नातं लगेच उमगतं, मग परीक्षेपुरतं 'वेटिंग' लिहायला काय लागतं?

गोव्यात इंजिनिअरिंग कुठे कुठे आहे?

फर्मागुडीचं सरकारी गोवा इंजिनिअरिंग कॉलेज सर्वांत जुनं, १९६७ चं. वेर्ण्याचं पाद्रे कॉन्सेसांव १९९७ चं, शिरोड्याचं श्री रायेश्वर २००१ चं, फातोर्ड्याचं डॉन बॉस्को २०११ चं आणि आसगावचं आग्नेल २०१२ चं. राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांपैकी बिट्स पिलानीचा झुआरीनगरचा कॅम्पस २००४ पासून, एनआयटी २०१० पासून (आता कुंकळ्ळीला) आणि आयआयटी २०१६ पासून. डिप्लोमासाठी पणजी, डिचोली आणि कुडचड्याची सरकारी तंत्रनिकेतनं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांबद्दल एक सांगते. पहिल्या सत्रात गणिताला ते चाचपडतात, पण भट्टीपाशी मला तेच हवे असतात.

मुलीला मेकॅनिकलला घालू का? कॉम्प्युटर बरं नाही का?

तिला काय उघडून बघायला आवडतं ते विचारा. मी स्वतः याच शाखेतून आले, माझ्या भट्टीवर मुली ओततात आणि चिमटा धरायला ताकदीपेक्षा दोघींचं तंत्र जुळावं लागतं. नोकरीचं म्हणाल तर वास्कोचं गोवा शिपयार्ड, वेर्ण्याचे कारखाने, औषध कंपन्यांचा देखभाल विभाग इथे मेकॅनिकलची माणसं लागतातच. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरएवढा नसतो, हे लपवत नाही. शाखा मेकॅनिकल ठेवून १८ ते २० जादा क्रेडिटची मायनर, म्हणजे जोडीची दुय्यम शाखा, डेटा सायन्समध्ये करण्याची सोय एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात आहे. कॉलेज ती देतं का, ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

शाळेच्या मुलांना घेऊन प्रयोगशाळा बघायला येता येईल का?

जरूर या, डिसेंबर ते फेब्रुवारीत बरं पडतं. आठवडाभर आधी विभागाच्या ऑफिसात कळवा, म्हणजे ओतकामाचा दिवस धरता येईल. सगळ्यांचे बूट बंद हवेत, कपडे सुती आणि केस बांधलेले. चप्पल घालून आलेल्यांना भट्टीच्या खोलीत सोडत नाही, मग तो मुख्याध्यापक का असेना. त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसवतो, तिथे पंखा आहे.